सात-बीची पुढची खोली

आमच्या गावात माणसाला नाव असते, पण ते फारसे वापरात नसते. भिलाईच्या टाउनशिपमध्ये माणूस ओळखला जातो तो क्वार्टरच्या नंबराने. दूधवाला, पेपरवाला, लग्नाची पत्रिका घेऊन आलेला पाहुणा, सगळे ‘चार-एवाले साहेब’, ‘अकरा-बीवाल्या काकू’ असेच विचारत येतात. माझे वडील वर्ध्याहून कारखान्यात नोकरीला आले आणि शेवटपर्यंत ‘नऊ-ए’ राहिले. ते वारले त्या आठवड्यात सुपेल्याच्या बाजारात एका भाजीवाल्याने मला थांबवून विचारले होते, “नऊ-ए नहीं रहे क्या, भैया?” मला त्यात काहीच वावगे वाटले नाही. निवृत्त झालेला माणूस क्वार्टर कारखान्याला परत करतो, तिथे चुना मारला जातो, दुसरे कुटुंब येते, आणि नंबर त्यांचा होतो. ही इतकी सरळ रीत आहे की तिच्यात काही धोका असेल हे माझ्या कधी मनात आले नाही.

आमच्या सेक्टरमधल्या मराठी कुटुंबांचे एक छोटे वाचनालय होते. एक हॉल, पुस्तकांची सहा कपाटे, आणि खिडकीखाली तीन जुने कॉम्प्युटर. मी कारखान्यात कॉम्प्युटर विभागात असल्यामुळे वाचनालयातले कॉम्प्युटरचे काम आपोआप माझ्याकडे आले. त्या वेळी मी चाळिशीच्या आतबाहेर होतो. लोक मला ‘कॉम्प्युटरवाले साहेब’ म्हणत, आणि मला ते आवडत असे. हे आवडणे पुढे महागात पडले, म्हणून येथे आधीच नोंदवून ठेवतो.

एका भंगारात निघालेल्या यंत्रावर मी सर्व्हर उभा केला. कल्पना अशी की यंत्र एकच असावे, पण त्यात प्रत्येक कुटुंबाचे स्वतःचे संकेतस्थळ असावे. प्रत्येकाला एक खाते, खात्याची एक डिरेक्टरी, आणि त्या डिरेक्टरीच्या आत एक ठरावीक नावाचे फोल्डर. पत्ता लिहिताना सर्व्हरच्या नावानंतर तिरकी रेघ, मग लाटेसारखे एक चिमुकले चिन्ह, आणि त्याला चिकटून खात्याचे नाव. ती लाट दिसली की सर्व्हर त्या माणसाच्या डिरेक्टरीत जातो आणि त्या एका फोल्डरात जे ठेवले असेल तेवढेच जगाला दाखवतो. बाकीचे सगळे झाकलेले राहते.

सभासदांना हे समजावताना मी घराचा दाखला देत असे. “हे फोल्डर म्हणजे तुमची पुढची खोली. पाहुणा तिथवर येणार. मागच्या खोल्यांत काय आहे ते त्याला दिसणार नाही.” क्वार्टरमध्ये जन्म काढलेल्या लोकांना हे लगेच पटे. खात्यांना नावे देण्याची वेळ आली तेव्हाही मी विचार करत बसलो नाही. इंग्रजी क्यू हे अक्षर आणि पुढे क्वार्टरचा नंबर. सगळ्यांना तोंडपाठ, कोणी विसरण्याचा प्रश्नच नाही.

सोय म्हणून मी आणखी एक गोष्ट केली. नवे खाते उघडले की त्यात काही नमुन्याच्या फाइली आपोआप येत: एक साधे स्वागताचे पान, एक फोटोचे पान. नव्या सभासदाला मी सांगत असे, “तुमच्या खात्यात आधीपासून ज्या फाइली आहेत त्या नमुन्याच्या आहेत. त्या उचलून पुढच्या खोलीत टाका आणि हवे तसे बदला.” हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटले होते की त्याचा अर्थ मला ऐकू येईनासा झाला होता.

मुख्य खाते माझे होते. सर्व्हरच्या मांडणीत एक ओळ लिहून मुख्य खात्यासाठी ही पुढच्या खोलीची सोय बंद ठेवायची असते, आणि ती मी न चुकता बंद ठेवली होती. सगळ्यांच्या खोल्यांना जगाकडे उघडणारे दार होते, तेवढे माझ्या खोलीला नव्हते.

सात-बीवाले काका माझ्या वडिलांच्या बरोबरीचे नव्हते, थोडे लहान होते. पण त्यांच्या मांडीवर मी खेळलो होतो. कोक ओव्हनमध्ये, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर, फोरमन. आवाज असा की भट्टीच्या गर्जनेवरून हाक जावी. काकू गेल्या त्यानंतर तो आवाज एकाएकी बसला. निवृत्तीला तेव्हा वर्षभर उरले होते. पहिली पाळी संपवून, घरी अंघोळ करून, ते दुपारी चारला वाचनालयात येत आणि खिडकीखालच्या तिसऱ्या कॉम्प्युटरवर बसत. मी त्यांना मराठी टाइप करायला शिकवले होते. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, ते तासभर लिहीत.

“काका, काय लिहून राहिले एवढं?” मी एकदा विचारले.

“तुझी काकू जन्मभर म्हणे, घरात तुमचं तोंडच उघडत नाई. आता उघडून राहिलो.” ते पडद्यावरून नजर न हलवता म्हणाले. मग थोड्या वेळाने, “काऊन रे, हे मांगच्या खोलीतच आहे ना? कोणाले दिसत नाई?”

“नाई काका. सर्व्हरलेही तिथं जाता येत नाई.”

“अन् तुले?”

मी खरे सांगितले. “मले दिसू शकते. पण मी पाहत नाई.”

“मंग काई हरकत नाई. तू घरचाच आहेस.”

मी खरोखरच पाहिले नाही. यात माझी काही थोरवी नाही. मला तेवढे कुतूहलच नव्हते. आज वाटते, एकदा जरी डोकावलो असतो तरी त्या खोलीत काय आहे ते माझ्या लक्षात राहिले असते, आणि पुढचे टळले असते.

काका निवृत्त झाले. क्वार्टर सोडून दुर्गला, पद्मनाभपुरात मुलीकडे राहायला गेले. जाण्याआधी वाचनालयात आले तेव्हा त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. त्यांचे घेतलेले पुस्तक परत जमा झाले का, आणि, “माझं खातं राहीन ना रे? मी येत जाईन मधून मधून.”

“राहीन काका. ते कुठं जाते?”

महिन्याभरात सात-बीला चुना मारून झाला आणि एक तरुण अधिकारी तिथे राहायला आला. नागपूरकडचा, हसतमुख, नुकते लग्न झालेला. वाचनालयाचा सभासद झाल्याबरोबर त्याने खाते मागितले. त्या दिवशी माझ्यापुढे कारखान्याचे काम साचले होते. यादीत सात-बी आधीच होते. मी पासवर्ड बदलला, कागदावर लिहून त्याच्या हातात दिला, आणि नेहमीचे वाक्य म्हटले: खात्यात आधीपासून ज्या फाइली आहेत त्या नमुन्याच्या आहेत, त्या पुढच्या खोलीत टाका.

कारखाना सुद्धा क्वार्टर दुसऱ्याला देण्याआधी चुना मारतो. मी तेवढेही केले नाही.

संक्रांतीचा कार्यक्रम रविवारी दुपारी होता. हॉलमध्ये साठेक माणसे, मागे तर्री-पोह्यांचे पातेले, पुढे प्रोजेक्टर. वाचनालयाचे सचिव हे गमत्या स्वभावाचे, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. कोणत्या कुटुंबाने आपल्या संकेतस्थळावर काय ठेवले आहे ते भिंतीवर दाखवायचे, असे त्यांनी ठरवले होते. काका पद्मनाभपुरातून ऑटोने आले होते. पांढरा सदरा, हातात तिळगुळाची पुडी, तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची.

अकरा-बीच्या काकूंच्या पाटवडीची कृती झाली. चार-एवाल्यांच्या नातवाचे फोटो झाले. मग सचिवांनी सात-बीचा पत्ता उघडला. भिंतीवर फाइलींची लांबलचक यादी आली, प्रत्येकीला तारखेचे नाव.

“अरे बाप रे! हे नवीन सात-बीवाले तर लेखक निघाले!” सचिव म्हणाले. “अन् आम्हाले सांगतही नाई! वहिनी, तुम्हाले माहीत होतं काय?”

तो तरुण आणि त्याची बायको गोंधळून हसले. सचिवांनी एक फाइल उघडली आणि माइकवरून वाचायला सुरुवात केली.

“‘मुनग्याले शेंगा आल्या. तू म्हणे की या झाडाच्या कडू लागतात. यंदा मी एकट्यानंच खाल्ल्या. कडू नाई लागल्या. पण भांडाले कोणी नाई.’ वा! काय लिवलं आहे!”

लोक हसले. चांगले हसले, दाद देणारे. मीसुद्धा हसलो असेन. सचिवांनी उत्साहाने पुढची फाइल उघडली.

“‘तुझी अंजिरी साडी उशाशी घेऊन झोपतो. पोरीले सांगू नको. मले हसन.’”

या वेळचे हसणे जरा वेगळे होते. मागून कोणीतरी शिट्टी मारली. आणि तेवढ्यात पुढच्या रांगेतून अकरा-बीच्या काकू उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “बंद करा ते. अंजिरी साडी तिची होती.”

सात-बी. नंबर भिंतीवर भल्या मोठ्या अक्षरांत होता. साठ माणसांनी एकाच वेळी तिसऱ्या रांगेकडे पाहिले.

काका उठले. त्यांनी तिळगुळाची पुडी तशीच खुर्चीवर ठेवली, माझ्या जवळ आले आणि अगदी हलक्या आवाजात, जणू चूक माझ्यासमोर कबूल करावी तसे, विचारले, “मीच चुकून बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं काय रे?”

त्या क्षणाकडे मी गेली कित्येक वर्षे परत परत जातो. उत्तर द्यायला मला फार वेळ लागला नाही. जो वेळ लागला त्यात मला सगळे समजले होते: पासवर्डचा कागद, ते वाक्य, ती न रिकामी केलेली खोली. त्या तरुणाने माझे शब्द अक्षरशः पाळले होते. मला हेही दिसले की मी आता एक वाक्य बोललो तर हॉलमधली सगळी तोंडे माझ्याकडे वळतील. पुढे पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत असे की मला त्या नवख्या पोराला वाचवायचे होते. ते खरे नव्हते. त्याला वाचवायचे असते तर खरे बोलूनही वाचवता आले असते.

मी म्हणालो, “हो काका. तुमच्याकडूनच राहिलं असन.”

त्यांनी मान हलवली. “बोट चुकलं,” ते म्हणाले. “पुसून टाक. सगळंच.”

मी त्यांच्यासमोर सगळे पुसले. ते माझ्या खांद्यावरून पाहत होते. “पक्कं पुसलं काय? कुठंच नाई ना आता?”

“कुठंच नाई काका.”

हे दुसरे खोटे. दर महिन्याच्या अखेरीस मी सगळ्या खात्यांची नक्कल एका सीडीवर उतरवून घरी नेत असे. डिसेंबरची सीडी माझ्या कपाटात होती.

जाण्यापूर्वी काकांनी दाराजवळची सूचना वही उघडली. हॉलमध्ये पंखा बंद आहे, मासिक उशिरा येते, असल्या तक्रारी लिहिण्याची ती वही. त्यांनी उभ्याउभ्या लिहिले: ‘माझ्या हातून खाजगी मजकूर सार्वजनिक ठिकाणी राहिला. त्यामुळे सभासदांना व विशेषतः भगिनींना जो संकोच झाला त्याबद्दल मी सर्वांची क्षमा मागतो.’ खाली सही, आणि सहीखाली, कंसात, ‘पूर्वीचे सात-बी’.

दुसऱ्या दिवशी तो तरुण माझ्याकडे आला. त्याचे डोळे लाल होते. “सर, मी तर तुम्ही सांगितलं तसंच केलं. मला वाटलं त्या नमुन्याच्या... मी जाऊन काकांच्या पाया पडू का?”

“जाऊ दे,” मी म्हटले. “आता विषय वाढवू नको.”

तो काय समजायचे ते समजला. त्यानंतर तो माझ्याशी कधी नीट बोलला नाही, आणि वर्षभरात त्याची दुसऱ्या राज्यात बदली झाली. मी सगळ्या खात्यांची नावे बदलून माणसांची नावे दिली. सात-बी मात्र कोणालाच दिले नाही. ते रिकामे ठेवले.

सर्व्हर एक नोंदवही ठेवतो. कोणी कोणते पान मागितले, किती वाजता, आणि ते सापडले की नाही, याची एकेक ओळ त्यात आपसूक लिहिली जाते. मी ती आठवड्यातून एकदा चाळत असे. फेब्रुवारीत माझ्या लक्षात आले की रोज दुपारी चारला कोणीतरी सात-बीचा पत्ता मागते. सर्व्हर उत्तर देतो: सापडले नाही. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा.

पहिल्यांदा मला वाटले, कोणी आंबटशौकीन असेल. मग ती वेळ मला ओळखू आली. मुलीच्या घरून काका रोज तपासत होते. खरोखर पुसले गेले आहे ना, पुन्हा कुठून वर आले नाही ना, हे त्या माणसाला रोज पाहावेसे वाटत होते. एकदा फोन करावा, सांगावे की काका, चूक तुमची नव्हती, असे मी किती वेळा ठरवले त्याला गणती नाही. पुढच्या आठवड्यात, म्हणत राहिलो.

दीड वर्षाने काका गेले. शिवनाथ नदीच्या काठी मी खांदा दिला. परत आल्यावर, मला सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात एक सुटकेचा विचार येऊन गेला: आता चारची ओळ येणार नाही. दुसऱ्या दिवशी नोंदवही उघडली. ओळ नव्हती. तिसऱ्या दिवशी नव्हती. बारा-तेरा दिवस काहीच नव्हते.

चौदाव्या दिवशी दुपारी चार वाजता सात-बीचा पत्ता मागितला गेला. सापडले नाही.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नाही. तरी त्या दुपारी मी वाचनालयाचा दरवाजा ओढून घेतला आणि ऊन असलेल्या बाजूने घरी गेलो. याचे साधे स्पष्टीकरण असणार हे मला कळत होते. ते शोधणे माझ्या व्यवसायाचाच भाग होता. मी शोधले नाही. शोधले असते तर पद्मनाभपुरापर्यंत जावे लागले असते. त्यापेक्षा मला भूत परवडले. ओळ रोज येत राहिली, रविवारीसुद्धा. यंत्रे बदलली, मी नव्या यंत्रावर सगळी खाती हलवली, सात-बीची रिकामी डिरेक्टरीही हलवली. ओळ त्या नव्या यंत्रावरही चार वाजता आली. माझ्या मुलीचे लग्न झाले त्या दिवशी आली. मला पन्नास वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी आली. घरी चारचा चहा पिताना माझा हात थांबतो हे माझ्या पत्नीच्या लक्षात आले होते. तिने एकदोनदा विचारले आणि मग सोडून दिले.

सीडी कपाटात होती. मी तिच्याबद्दल एक पळवाट तयार ठेवली होती: काकांनी पुसायला सांगितले होते, ‘पोरीले सांगू नको’ असे त्यांनीच लिहिले होते, तेव्हा गप्प राहणे हीच त्यांची इच्छा. त्यांच्या इच्छेआड मी किती नीट लपलो होतो.

या वर्षी वाचनालय बंद करायचे ठरले. सभासद अकरा उरले, मुले पुण्या-बंगळुरूला, हॉल परत द्यायचा. सर्व्हर बंद करण्याचे काम अर्थातच माझे. यादी करताना मी नोंदवहीची शेवटची पाने पाहिली. चारची ओळ आदल्या दिवशीही होती. मला एकदम जाणवले की मी यंत्र बंद केले तर ती ओळ थांबेल, आणि मग मला कधीच कुणाला काही सांगावे लागणार नाही. या विचाराने मला जे हायसे वाटले त्याचीच मला भीती वाटली. मी सीडी खिशात घातली आणि पॉवर हाउस चौकातून दुर्गचा ऑटो धरला.

काकांच्या मुलीला मी लहानपणापासून पाहिले आहे. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. आता केस पांढरे झालेले, घरी दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. दार उघडून तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “या, नऊ-ए. रस्ता चुकले काय?”

मी बसलो. समोर भिंतीला काका-काकूंचा फोटो, कोपऱ्यात टेबलावर कॉम्प्युटर. घड्याळात चारला दहा कमी होते. मी विषयाला सुरुवात करू शकेना. तिने चहा ठेवला, येऊन सवयीने कॉम्प्युटरचे बटण दाबले, आणि पडदा उजळला तसे त्यावर पहिलेच पान आले: सापडले नाही. वरच्या पट्टीत आमच्या सर्व्हरचे नाव, लाटेचे चिन्ह, सात-बी.

“हे...” मी म्हणालो.

“बाबानं लावून ठेवलं आहे. चालू केला की हेच येते.” ती सहज म्हणाली. “ते रोज चारले चालू करत, हे पाहत अन् बंद करून देत. मी म्हटलं, राहू दे. मीही चारलेच चालू करते. पोरं साडेचारले येतात.”

इतकेच होते. मी ज्याला इतकी वर्षे भ्यालो ती एका मुलीने न मोडलेली बापाची सवय होती.

मग मी सांगितले. खाते कसे दिले, कोणते वाक्य बोललो, काकांनी काय विचारले आणि मी काय उत्तर दिले. पुसल्याचे खोटे सांगितले. सीडी टेबलावर ठेवली. चहा आत उकळून उतू गेल्याचा वास आला, तरी ती उठली नाही.

“बाबा शेवटपर्यंत म्हणत होते, माझं बोट चुकलं,” ती म्हणाली. “हॉस्पिटलातही. मी म्हणे, बाबा, होते असं. अन् ते म्हणे, तुझ्या आईचं हसं केलं मी सगळ्या सेक्टरात. तुमाले माहीत होतं का, ते असं म्हणत होते ते?”

“नाही.”

“विचारलंच नाई तुमी.”

“नाही.”

तिने सीडी उचलली, उलटसुलट करून पाहिली. “यात ते साडीचं आहे?”

“आहे. पण त्यांनी लिहिलं होतं की...”

“पोरीले सांगू नको. माहीत आहे मले. कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी तीन बायांचे फोन आले.” ती किंचित हसली, आणि ते हसू मला कोणत्याही शिवीपेक्षा जड गेले. “त्यायनं आईले सांगितलं होतं, सांगू नको. आईनं नाई सांगितलं. तुमी सांगितलं.”

मी क्षमा मागितली. सीडी तिने शिवणाच्या डब्यात ठेवली. वाचणार का, असे विचारायचा मला अधिकार नव्हता, तरी माझ्या चेहऱ्यावर ते दिसले असावे.

“वाचीन का नाई ते मी अन् बाबा पाहून घेऊ,” ती म्हणाली.

मी विचारले, सर्व्हर अजून आठ दिवस चालू आहे, त्या पत्त्यावर खरे काय झाले ते लिहून ठेवू का, म्हणजे रोज पहिले पान उघडेल तेव्हा...

“तिथं काई ठेवू नका.” तिचा आवाज पहिल्यांदा चढला, आणि मला त्यात कोक ओव्हनची हाक ऐकू आली. “विचारल्याशिवाय त्या खोलीत पुष्कळ झालं. वहीत लिहा. ज्या वहीत बाबानं माफी मागितली, तिच्यातच. अन् सगळ्यायसमोर वाचा. त्यायचं सगळ्यायसमोर वाचलं होतं ना?”

शेवटची सभा रविवारी दुपारी होती. सूचना वही कपाटाच्या तळाशी सापडली. काकांच्या मजकुराखाली अर्धे पान कोरे होते. मी आदल्या दिवशी तिथे बसून लिहिले होते, चार वेळा कच्चे करून. प्रत्येक कच्च्या खर्ड्यात मला एखादे असे वाक्य सापडले ज्यात मी स्वतःला थोडी सावली धरली होती: कामाचा ताण होता, नजरचूक झाली. ती वाक्ये काढत गेलो तसा मजकूर लहान झाला. शेवटी उरले ते असे: ‘वरील चूक त्यांची नव्हती. ती माझी होती. त्यांचे खाते त्यांना न विचारता, रिकामे न करता, मी दुसऱ्याला दिले, आणि त्या नव्या सभासदाने माझ्या सांगण्याप्रमाणेच केले. त्यांनी मला विचारले तेव्हा मी खोटे सांगितले.’ खाली माझी सही, पूर्ण नावाने.

सभेला नऊ माणसे होती. अकरा-बीच्या काकू चाकाच्या खुर्चीतून आल्या होत्या. सचिव आता पंचाहत्तरीला आलेले. मी वही घेऊन उभा राहिलो तसे त्यांना कळले.

“आता कायले उकरता, भाऊ?” ते हळूच म्हणाले. “वाचलं तर मीच होतं. मले रात्री आठवते ते. मरू द्या.”

“वाचू द्या त्यांना,” अकरा-बीच्या काकू म्हणाल्या.

तेवढ्यात दार लोटून काकांची मुलगी आत आली. रिकाम्या खुर्च्या पुष्कळ होत्या. ती तिसऱ्या रांगेत, कडेला बसली. तिला ते कोणी सांगितले होते की तसेच घडले, मला माहीत नाही. मी दोन्ही मजकूर वाचले, आधी काकांचा, मग माझा. माझा आवाज मुळातच लहान आहे. “जोरात,” ती म्हणाली. मी पुन्हा पहिल्यापासून वाचले.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी मला धीर दिला नाही, आणि ते योग्यच होते. अकरा-बीच्या काकूंनी वही मागून घेतली, डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिली, आणि पान न मिटता काकांच्या मुलीकडे दिली. तिने बापाच्या सहीवर बोट ठेवले. मग मला विचारले, “बाबा कोणत्या खुर्चीवर बसत होते?”

मी खिडकीखालची तिसरी खुर्ची दाखवली. ती तिथे जाऊन बसली. कॉम्प्युटर नुकताच विकला गेला होता. टेबलावर फक्त त्याची धुळीतली चौकोनी खूण होती. ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

मी सर्व्हरपाशी गेलो. घड्याळात चार वाजून गेले होते. सवयीने नोंदवही उघडली आणि शेवटच्या ओळी पाहिल्या. सात-बीचा पत्ता त्या दिवशी कोणीही मागितला नव्हता. मी आणखी पाच मिनिटे थांबलो, आणि तिला विचारून यंत्र बंद केले.